एकाच गाडीने परत



माझी उमेदीची सगळी वर्षं फौजदारी कोर्टात गेली, त्यातली बरीच वर्षं सरकारी वकील म्हणून. खुनाचा खटला उभा राहिला की सरकारी वकिलाच्या मागच्या बाकावर एक माणूस हमखास बसलेला असतो. मयताची आई कोर्टात येत नाही, तिला ते बघवत नाही. बायकोला साक्षीपुरतं आणतात. बाप थकलेला असतो. तारखेला येतो तो भाऊ, नाहीतर बहीण. त्याला काही विचारायचं नसतं, सांगायचं नसतं. आरोपीला पोलीस पिंजऱ्यात आणतात तेव्हा तो त्याच्याकडे बघतो, आणि परत नेतात तेव्हा पुन्हा एकदा बघतो. त्या दोन नजरांसाठी तो मजुरी बुडवून आलेला असतो. आज मला त्या बाकावरच्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

तो माणूस वर्षानुवर्षं माझ्या पाठीशी बसला, पण मला तो कळला नव्हता. थोडाफार कळला तो एका बहिणीच्या हकिकतीमुळे. ती हकिकत आधी सांगतो.

25 फेब्रुवारी 1995, शनिवार. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातलं उदयनगर. देवास म्हटलं की आपल्याला पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती आठवते, टेकडीच्या पायथ्याचं कुमार गंधर्वांचं घर आठवतं. पण हा जिल्हा दक्षिणेकडे थेट नर्मदेपर्यंत उतरतो, आणि तिकडे विंध्याच्या डोंगरात सागवानाचं जंगल आहे, भिल्ल, बारेला, कोरकू लोकांच्या वाड्या आहेत. उदयनगर त्या पट्ट्यातलं. त्या सकाळी उदयनगरहून इंदूरला निघालेल्या बसमध्ये एक्केचाळीस वर्षांच्या एक धर्मभगिनी बसल्या, सिस्टर राणी मारिया. त्यांना इंदूरहून पुढे केरळला, माहेरच्या मुलखात जायचं होतं. त्याच गाडीत समुंदर सिंह नावाचा एक तरुण होता. वाटेत गाडी थांबली तेव्हा त्याने खाली उतरून नारळ फोडला, खोबरं वाटलं, राणी मारियांच्या पुढेही एक तुकडा धरला आणि मग चाकू काढला, असं सांगतात. नाचनबोरच्या डोंगरात हे घडलं. गाडी माणसांनी भरलेली होती. कोणी मध्ये पडलं नाही.

अंगावर 54 जखमा होत्या. आपल्याकडे शवविच्छेदनाचा जो छापील नमुना असतो, त्यातला 17 नंबरचा रकाना शरीरावरच्या जखमांचा. तो रकाना मी आयुष्यभर वाचला. एक-दोन वार असले की त्यात भांडण दिसतं, रागाचा झटका दिसतो. रकाना भरून पुरवणी कागद जोडलेला असला की वाचताना बोट थांबतं. चोपन्न जखमा करायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात हात थांबवता येतो, आणि तो थांबलेला नसतो. पुढे समेटाबद्दल बोलताना हा रकाना कुणी विसरू नये, म्हणून आधी सांगितला.

राणी मारिया मूळच्या केरळच्या, एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पुल्लुवळी गावच्या. 1954 चा जन्म, शेतकऱ्याचं घर. अठराव्या वर्षी फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात गेल्या. उत्तरेत बिजनौरला काम केलं, मग मध्य प्रदेशात आल्या आणि 1992 मध्ये उदयनगरला. तिथं त्यांनी जे काम धरलं ते आपल्याला परकं नाही. पेरणीला बियाणं हवं, पोरीच्या लग्नाला पैसा हवा, घरात दुखणं आलं, की माणूस सावकाराच्या दारात. पीक निघालं की सावकार खळ्यावर हजर. मुद्दल कधी फिटत नाही आणि व्याज कधी थांबत नाही. राणी मारिया लोकांना बँकेत घेऊन गेल्या, सरकारी योजनांचे अर्ज भरून दिले, गट बांधले. यात कोणाचा धंदा बसत होता ते उघड आहे. समुंदर सिंहाचं त्यांच्याशी स्वतःचं काही वैर नव्हतं. त्याला भरीला घालण्यात आलं, असं तो पुढे सांगत राहिला.

त्याला जन्मठेप झाली आणि तो इंदूरच्या तुरुंगात गेला. इथवर ही हकिकत कोणत्याही खटल्यासारखीच आहे. सुडाची गोष्ट म्हटलं की आपण मयताच्या घराकडे बघतो, कोयत्याला धार तिकडे लागत असेल असं धरून चालतो. इथं धार लागत होती ती तुरुंगात. समुंदर आत असताना त्याची बायको त्याला सोडून गेली. लहान मुलगा वारला. ज्यांच्या सांगण्यावरून आपण हे केलं ते बाहेर मोकळे, आपल्याकडे फिरकतही नाहीत, हे त्याच्या मनात घर करून बसलं. सुटलो की ज्याने भरीला घातलं त्याला मारायचं, हे त्याने ठरवून टाकलं होतं. त्याने स्वतःच हे उघडपणे सांगितलेलं आहे. म्हणजे एका खुनाच्या पोटी दुसरा खून वाढत होता, आणि दोन्हींचा हात एकच होता.

मी जन्मठेपेचे कैदी जवळून पाहिले आहेत, आणि मला यात काही नवल वाटत नाही. आपल्या हातून जे झालं ते पाहवत नाही, म्हणून माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि त्या बोटावर जगतो. तुरुंगात वेळ भरपूर असतो.

अशा माणसाला भेटायला एक कॅथलिक धर्मगुरू येऊ लागले. ते भगवी वस्त्रं घालत आणि त्यांना स्वामी सदानंद म्हणत. एका भेटीत काही झालं नाही. पुन्हा भेट, पुन्हा बोलणं. आणि मग ऑगस्ट 2002 मध्ये, राखीच्या दिवसांत, राणी मारियांच्या धाकट्या बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या. त्याही त्याच संघातल्या धर्मभगिनी. त्यांनी समुंदर सिंहाच्या मनगटाला राखी बांधली.

फेब्रुवारी 95 ते ऑगस्ट 2002. साडेसात वर्षं. आपल्याकडे शनीच्या साडेसातीला जेवढी लागतात तेवढी. या घटनेवर माहितीपट झाला, चित्रपट झाला, आणि सगळीकडे तो राखीचा क्षण मोठा करून दाखवतात. मला ती मधली साडेसात वर्षं मोठी वाटतात. त्या वर्षांत एक बाई रोज सकाळी उठली, प्रार्थना केली, कामाला लागली, आणि बहिणीच्या अंगावरच्या जखमांचा आकडा तिला रोज ठाऊक होता. कुणी तिला घाई केली नाही. केली असती तर राखी बांधली गेली असती की नाही कोण जाणे.

राखीच्या दिवशी तुम्ही कधी एखाद्या तुरुंगाच्या दाराशी उभे राहिलात तर बहिणींची रांग दिसेल. पुऱ्यांचा वास येतो, डब्यांची तपासणी चालू असते, पोरं रडत असतात. आत जाऊन बहीण राखी बांधते आणि भावाच्या तोंडाकडे बघते, वाळला का, हे बघायला. त्या बहिणींना भाऊ निरपराध आहे असं वाटत असतं असं समजू नका. पुष्कळ जणींना काय झालं ते पुरतं ठाऊक असतं. तरी त्या येतात, कारण राखी निकालपत्र बघून बांधायची नसते. ती नात्याची असते, आणि नात्यातून मागणी येते. भाऊ झालास तर आता भावासारखा वाग.

सेल्मी पॉल यांनी केलं ते मला इथं फार खोल वाटतं. नुसतं 'तुला क्षमा केली' म्हणून त्या उठून आल्या असत्या, तर समुंदर मोकळा झाला असता, हिशेब मिटल्यासारखा. राखीने हिशेब मिटला नाही, उलट नवा सुरू झाला. ज्या घरातली बहीण त्याने मारली त्या घराचा तो भाऊ झाला, आणि भावाला वर्षातून एकदा तरी दारात उभं राहावं लागतं. ज्याच्या माथी असं नातं आलं, तो सुटल्यावर चाकू घेऊन दुसऱ्याच्या दारात कसा जाणार? त्या दोऱ्याने होऊ घातलेला एक खून थांबवला.

आपल्या मराठीत या नात्याची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या हाडवैराला आपण शब्द दिला तो 'भाऊबंदकी'. बंधूवरून आलेला शब्द आणि अर्थ दावा, बांध, विळा. ज्या भाषेने भावांना हे नाव दिलं त्याच भाषेच्या बायका दरवर्षी परक्या मनगटाला दोरा बांधून भाऊ करतात. दोन्ही गोष्टी आपल्याच घरच्या आहेत.

आता मी माझ्या धंद्याचं बोलतो, कारण या ठिकाणी कायदा काय म्हणतो हे समजून घ्यायला हवं. खुनाचा खटला हा 'सरकार विरुद्ध अमुक' असा असतो. मयताचा भाऊ त्या खटल्यात पक्षकार नसतो. तो फिर्यादी असेल, साक्षीदार असेल, तेवढंच. किरकोळ मारहाण, शिवीगाळ यांसारखे गुन्हे पक्षकारांना आपसांत मिटवता येतात. खून मिटवता येत नाही. भावाने कोर्टापुढे हात जोडून 'मी क्षमा केली' म्हटलं तरी खटला चालतो, आणि तो चाललाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

पूर्वी असं नव्हतं. 1819 मध्ये इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात तो नोंदवतो की शाहू महाराजांच्या काळात खुनाला, तो विशेष क्रूर नसेल तर, सहसा देहान्त नसे, दंडावर भागत असे. आपल्याला हे ऐकायला गोड वाटतं. पण दंड भरू शकतो तो सुटतो, आणि घेणाऱ्याला 'घे आणि गप्प बस' म्हणणारा गाव भोवती असतो. सरकारने खटला आपल्या हातात घेतला तो दुबळ्याच्या संरक्षणासाठी. त्याची किंमत अशी की दुबळ्याचं दुःखही सरकारजमा झालं. 2009 च्या अखेरपर्यंत आमच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 'पीडित' या शब्दाची व्याख्याच नव्हती. ज्याचा भाऊ गेला त्याला कायद्याच्या पुस्तकात जागा नव्हती, आणि मला ते वर्षानुवर्षं खटकलं नव्हतं, ही कबुली मला इथं द्यायलाच हवी.

समुंदर सिंहाच्या सुटकेकडे या नजरेने बघा. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सरकार सोडू शकत नाही, अशी तरतूद 1978 मध्ये आली, कलम 433-अ. मारू राम खटल्यात 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मात्र राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचा राज्यघटनेतला माफीचा अधिकार तिने कमी होत नाही, हेही सांगितलं. समुंदर अकरा वर्षांनी सुटला, ऑगस्ट 2006 मध्ये. म्हणजे नेहमीचं दार त्याला बंद होतं. ज्यांची मुलगी, ज्यांची बहीण गेली त्या घराने आणि तिच्या मठाने त्याच्यासाठी अर्ज केला आणि तो राज्यपालांपर्यंत पोचला. कायद्याने ज्या बहिणीला खटल्यात पक्षकार मानलं नव्हतं, तीच बहीण खटला संपल्यावर अर्जदार झाली. आणि क्रम लक्षात घ्या. आधी तपास, मग पुरावा, मग शिक्षा, शिक्षेची अकरा वर्षं, आणि मग अर्ज. न्याय बाजूला सारून हा समेट झालेला नाही.

हे मी जोर देऊन सांगतो, कारण आपल्याकडे 'मिटवून टाका' हे वाक्य कोण कोणाला म्हणतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. समुंदर सिंह सुटला त्याच्या पुढच्याच महिन्यात, 29 सप्टेंबर 2006 रोजी, भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडलं. भैयालाल भोतमांगे या दलित शेतकऱ्याची बायको, मुलगी आणि दोन मुलगे गावाने मारले. पुढे भैयालाल दहा वर्षांहून थोडे अधिक जगले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवत, आणि जानेवारी 2017 मध्ये गेले. त्यांना कुणी राणी मारियांची गोष्ट सांगून 'बघा, लोक किती मोठ्या मनाचे असतात' म्हटलं असतं, तर ते पाप झालं असतं. दलिताने, बाईने, गरिबाने क्षमा करावी आणि जमीनवाल्याने सूड घ्यावा, अशी वाटणी आपल्या गावांत फार जुनी आहे. तालुक्याच्या कोर्टात समेटाचा जो कागद येतो त्यावर बहुतेक वेळा एका बाजूचा अंगठा असतो आणि दुसऱ्या बाजूची झोकदार सही.

क्षमा कोणी कोणाला करायची, हा प्रश्न अमेरिकेतल्या डॅलस शहरातही उभा राहिला. बोथम जीन हा कृष्णवर्णीय तरुण सप्टेंबर 2018 मध्ये स्वतःच्या घरात बसला असताना अँबर गायगर या गोऱ्या पोलीस महिलेने त्याला गोळी घातली. आपण आपल्याच घरात शिरलो असं वाटलं, असं तिचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिला दहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा बोथमचा अठरा वर्षांचा भाऊ ब्रँट साक्षीदाराच्या खुर्चीतून बोलला, तिला क्षमा केली म्हणाला आणि न्यायाधीशांची परवानगी मागून तिला मिठी मारली. जगभर ते चित्र फिरलं. त्याच दिवशी त्याच मुलाची आई बाहेर येऊन पोलीस खात्याला जाब विचारत होती, ते चित्र फारसं फिरलं नाही. मला दोघंही बरोबर वाटतात. एकाच घरात एकाने मिठी मारावी आणि दुसऱ्याने जाब विचारावा, यात विसंगती नाही. क्षमा ज्याची त्याने करायची असते. ती आईच्या वतीने मुलाला करता येत नाही, आणि समाजाने तर त्यात पडूच नये. टाळ्या वाजवणं सोपं असतं, मिठीला वाजवा की फाशीला वाजवा.

महाभारतात या बाकावर द्रौपदी बसलेली आहे. आपण तिला पाच मुलांची आई म्हणून ओळखतो, पण सौप्तिक पर्वातल्या त्या रात्री अश्वत्थाम्याने तिचा भाऊ धृष्टद्युम्न मारला, शिखंडी मारला. आणि धृष्टद्युम्नाने तरी काय केलं होतं? अश्वत्थाम्याचा बाप मारला होता, शस्त्र खाली ठेवलेला. म्हणजे दोन्हीकडे रक्ताचं देणं होतं. महाभारतातली द्रौपदी अन्न सोडून बसते आणि त्याच्या कपाळावरचा मणी मागते. भागवतातली द्रौपदी निराळी. अर्जुन त्याला बांधून पुढ्यात आणतो तेव्हा ती त्याला सोडायला सांगते, कारण याची आई अजून जिवंत आहे आणि मी रडते तशी तिने रडू नये. एकाच बाईची ही दोन रूपं आपल्या परंपरेने शेजारी शेजारी ठेवली आणि अमुकच खरी असा निवाडा दिला नाही. बाकावर बसणाऱ्या प्रत्येकात या दोघी असतात. सकाळी एक असते, संध्याकाळी दुसरी.

अश्वत्थाम्याचं पुढे काय झालं ते तुमच्यातल्या परिक्रमा केलेल्यांनी ऐकलं असेल. नर्मदेच्या काठाने जाणाऱ्याला तो भेटतो म्हणतात. कपाळाची जखम भरलेली नाही आणि तेल मागत हिंडतो. शूलपाणीच्या झाडीत सांगतात, असीरगडावर सांगतात. मी लहानपणी आजीकडून हे ऐकलं तेव्हा त्याची भीती वाटायची. आता वाटतं, ज्याला सोडून दिलं पण कुठल्याच नात्यात घेतलं नाही, त्याची ती गोष्ट आहे. सुटला आणि हिंडत राहिला. उदयनगरच्या डोंगरावरून खाली उतरलं की तीच नर्मदा लागते. समुंदर सिंह तिथंच, त्याच मुलखात सुटून आला, आणि त्याला जायला एक घर होतं.

ते घर त्याच्या गावापासून फार लांब, केरळात. जानेवारी 2007 मध्ये तो स्वामी सदानंदांबरोबर पुल्लुवळीला गेला. राणी मारियांचे म्हातारे आईवडील, पैली आणि एलीश्वा, दोघंही तेव्हा हयात होते. त्याने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आईने त्याचे हात हातात घेतले आणि त्या हातांचं चुंबन घेतलं. माझ्या मुलीचं रक्त या हातांना लागलं होतं, म्हणून, असं त्या माउलीने त्याचं कारण दिल्याचं सांगतात. याला मी क्षमा म्हणत नाही. क्षमेत करणारा वर आणि घेणारा खाली असतो. त्या बाईला तिच्या लेकीचा शेवटचा स्पर्श हवा होता, आणि तो जगात त्या दोन हातांखेरीज कुठेही उरला नव्हता.

उदयनगरला राणी मारियांची समाधी आहे. समुंदर तिथं जातो, शेतात पिकलं की त्यातलं धान्य नेऊन ठेवतो. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये त्यांना कॅथलिक चर्चकडून 'धन्यवादित', म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी, म्हणून घोषित केलं गेलं, तेव्हा तो त्या सोहळ्यात होता.

आता माझ्या बाकावरचा माणूस.

खटला बांधाचा होता. हातभर रुंदीचा बांध. धाकट्या भावाला शेजारच्या पोराने कुऱ्हाडीने मारलं. थोरला भाऊ फिर्यादी. खटला सहा वर्षं रखडला. साक्षीदार आजारी, न्यायाधीशांची बदली, आरोपीचा वकील बदलला. थोरला प्रत्येक तारखेला आला. त्यांच्या गावच्या फाट्यावर एसटी एकच. सकाळी निघणारी आणि संध्याकाळी मुक्कामाला परतणारी. त्यामुळे तारखेच्या दिवशी मयताचा भाऊ आणि आरोपीचा बाप एकाच गाडीने येत आणि एकाच गाडीने परत जात. हा पुढे बसायचा, तो मागे. दुपारी कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली दोघं आपापली भाकरी सोडायचे, झाडाच्या दोन अंगांना. सहा वर्षांत एक शब्द नाही.

शेवटी जन्मठेप झाली. मी खूश होतो, खटला अवघड होता. बाहेर व्हरांड्यात थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "साहेब, आता फुडली तारीख?"

मी म्हटलं, आता तारीख नाही. झालं सगळं.

त्याच्या तोंडावर जे उमटलं ते मी त्याआधी अनेकांच्या तोंडावर पाहिलं असणार, पण तोवर बघितलं नव्हतं. सहा वर्षं त्याला कुठंतरी जायचं होतं. आता त्याच्या भावासाठी करण्यासारखं जगात काहीही उरलं नव्हतं.

पुढे हायकोर्टात अपील झालं, शिक्षा कायम झाली, आणि मुद्देमालाची विल्हेवाट लागायची वेळ आली. कुऱ्हाड आणि रक्ताचे कपडे नष्ट करायचे, आणि मयताच्या मनगटावरचं घड्याळ वारसाला परत द्यायचं, असा आदेश होता. भावजयीने माहेरी घर केलेलं, तिने थोरल्या दिराला पाठवलं. नाझरने लाखेचं सील फोडलं, खाकी पाकिटातून घड्याळ काढलं. पट्ट्यावर काळे डाग होते. थोरल्याने ते कानाला लावलं. बंदच होतं, तरी बराच वेळ लावून धरलं. मग रुमालात बांधून खिशात ठेवलं आणि मला म्हणाला, चहा घ्या साहेब.

चहा घेताना मी विचारलं, गावात कसं आहे आता, त्या लोकांचं. तो सांगू लागला ते निकालाच्या दिवसाचं. त्या संध्याकाळी गाडीला गर्दी होती. आरोपीचा बाप चढला तेव्हा जागा नव्हती, दांडी धरून उभा राहिला. थोरल्याला पुढे जागा मिळाली होती. "मी उठलो न्हाई," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू." गाडी फाट्याला पोचेपर्यंत अंधार पडला. फाट्यापासून गाव दीड-दोन मैल आत, पायवाट, पावसाचे दिवस. उतरणारे दोघंच. थोरल्याजवळ बॅटरी होती, म्हाताऱ्याजवळ नव्हती. हा पुढे चालला, तो वीस-पंचवीस पावलं मागे. मध्ये ओढा लागतो, निसरडा. थोरला ओढा उतरून पलीकडे चढला आणि मागे म्हाताऱ्याच्या पायांचा आवाज थांबला.

मी विचारलं, मग?

त्याने कपबशी खाली ठेवली. "मग काय न्हाई साहेब. बोललो न्हाई मी त्येच्याशी. बॅटरी जरा मागं धरली. वर येईस्तवर."